टाइमशेअर : एकदाची किंमत आणि पंचवीस वर्षांची देणी

पर्यटनस्थळावरील निवासाचा वर्षातील ठरावीक काळापुरता, बहुधा एका आठवड्यापुरता, वापर करण्याचा अनेक वर्षांसाठी आगाऊ खरेदी केलेला हक्क म्हणजे टाइमशेअर होय. भारतात ही कल्पना ‘हॉलिडे मेंबरशिप’ किंवा ‘व्हेकेशन ओनरशिप’ या नावांनी विकली जाते. यातील ‘ओनरशिप’ हा शब्द मोठा फसवा आहे. सदस्याला काही मालकी मिळाली असे त्यातून सूचित होते. प्रत्यक्षात त्याच्याकडे एक करार येतो आणि त्या कराराबरोबर दीर्घ मुदतीची आर्थिक बांधिलकी येते. या बांधिलकीचे स्वरूप समजून घेण्यासाठी बंगळूरु शहराचे उदाहरण सोयीचे आहे.

ही पद्धत १९६० च्या दशकात युरोपात उदयास आली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत १९७४ मध्ये आर.सी.आय. ही विनिमय कंपनी सुरू झाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेणे सदस्यांना शक्य झाले. भारतात चेन्नईच्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने १९८६ पासून या व्यवसायाचा पाया घातला. महिंद्र हॉलिडेज ॲण्ड रिसॉर्ट्स ही कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली. आर.सी.आय.ने आपल्या भारतीय कारभारासाठी बंगळूरुची निवड केली, ती का, हे नकाशा पाहिल्यावर लक्षात येते. कोडगु, उटी, येरकाड, कोडाईकनाल ही थंड हवेची ठिकाणे या शहरातून मोटारीने गाठता येतात. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे नियमित वेतन असलेला, तरुण आणि हप्त्यांची सवय झालेला मोठा वर्ग येथे आहे. व्यापारी संकुलात भरून घेतलेली चिठ्ठी, ‘आपली निवड झाली आहे’ असा दूरध्वनी, हॉटेलातील सादरीकरण आणि ‘आजच सही केल्यास सवलत’ हा क्रम या शहरातील नोकरदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

मालकी नव्हे, वापराचा हक्क

भारतातील बहुतेक योजना ‘वापराचा हक्क’ या प्रकारात मोडतात. जमीन व इमारत कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेली असते. सदस्याच्या नावे खरेदीखत होत नाही, तसेच मुदत संपल्यावर त्याच्याकडे कोणतीही मालमत्ता उरत नाही. आठवडा निश्चित असू शकतो, फिरता असू शकतो किंवा त्याचे गुणांत रूपांतर केलेले असते. हंगामानुसार व खोलीच्या आकारानुसार श्रेणी ठरतात आणि उच्च श्रेणीची किंमत अधिक असते. कंपनी व सदस्य यांचे नाते मुख्यतः भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार ठरते. टाइमशेअरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही.

देणी कोणती ?

पहिले देणे म्हणजे सदस्यत्वाची किंमत. ती एकरकमी किंवा हप्त्यांनी भरता येते. हप्त्यांचा मार्ग निवडल्यास व्याज येते. समजा, किंमत ४ लाख रुपये असून ८० हजार रुपये आरंभी भरले आणि उरलेले ३ लाख २० हजार रुपये १५ टक्के व्याजाने ३६ हप्त्यांत फेडायचे ठरले. मासिक हप्ता सुमारे ११,१०० रुपये येतो आणि व्याजापोटी ७९ हजार रुपयांहून अधिक रक्कम जाते. विक्रेता हप्त्याचा आकडा सांगतो, व्याजाची बेरीज मात्र ग्राहकाने स्वतः करावयाची असते.

दुसरे आणि खरे महत्त्वाचे देणे म्हणजे वार्षिक वर्गणी किंवा देखभाल शुल्क. स्वच्छता, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे वेतन, वीज, पाणी, विमा, स्थानिक कर यांसाठी ते आकारले जाते. या शुल्काची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावीत. ते वापराशी निगडित नसून सदस्यत्वाशी निगडित असते. म्हणजे त्या वर्षी कुटुंब कोठेही गेले नाही तरी ते भरावे लागते. ते स्थिर नसते. कधी ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे, तर कधी कंपनीच्या निर्णयानुसार ते वाढते. त्यावर वस्तू व सेवा करही लागतो आणि अशा सदस्यत्व सेवांसाठी त्याचा दर १८ टक्के आहे. वर्गणी थकल्यास आरक्षण थांबते, थकबाकीवर व्याज चढते आणि शेवटी करार रद्द होऊन भरलेली रक्कम जप्त होण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

येथे सदनिकेशी तुलना उद्बोधक ठरेल. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासददेखील दरमहा देखभाल खर्च देतो. परंतु सर्वसाधारण सभेत त्याला मत असते, लेखापरीक्षित हिशेब पाहण्याचा हक्क असतो आणि नको असल्यास सदनिका विकताही येते. कर्नाटक सदनिका मालकी अधिनियम, १९७२ खाली येणाऱ्या बंगळूरुमधील सदनिकाधारकालाही आपल्या संघटनेत असाच आवाज असतो. टाइमशेअर सदस्याकडे देयक येते, पण शुल्क ठरविणाऱ्या बैठकीत त्याला सहसा जागा नसते. खर्च एकाने करायचा, दर त्यानेच ठरवायचा आणि पैसे दुसऱ्याने द्यायचे, अशी ही रचना आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवहारातील मुख्य जोखीम हीच होय. किंमत जास्त असणे ही त्यामानाने दुय्यम बाब आहे.

याखेरीज किरकोळ वाटणारी देणी आहेत. विनिमय कंपनीचे सदस्यत्व शुल्क, प्रत्येक अदलाबदलीचे वेगळे शुल्क, काही ठिकाणी वीज व इतर सुविधांचा आकार, जेवणखाण आणि प्रवास. विक्रीच्या टेबलावर यांचा उल्लेख क्वचितच होतो.

एक काल्पनिक हिशेब

वरील ४ लाख रुपयांची किंमत एकरकमी भरली, मुदत २५ वर्षे आणि दरवर्षी ७ रात्री असे धरू. पहिल्या वर्षाची वर्गणी १५,००० रुपये, म्हणजे करासह १७,७०० रुपये. ती दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत गेली, तर पंचविसाव्या वर्षी सुमारे ७१,७०० रुपये होते आणि २५ वर्षांची बेरीज सुमारे ९ लाख ७१ हजार रुपये भरते. सदस्यत्वाच्या किमतीच्या दुपटीहून ही रक्कम अधिक आहे. सर्व ७ रात्री दरवर्षी वापरल्या, तर एकूण १७५ रात्री होतात आणि जेवण वगळता प्रत्येक रात्र सरासरी ७,८०० रुपयांच्या आसपास पडते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे रास्त हरकत घेईल, की पंचविसाव्या वर्षातील रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. म्हणून वर्तमान मूल्य काढू. वटावाचा दरही ६ टक्के धरल्यास वर्गणीची वाढ आणि वटाव परस्परांना छेदतात. वर्गण्यांचे आजचे मूल्य १७,७०० गुणिले २५, म्हणजे ४ लाख ४२ हजार ५०० रुपये येते. एकूण आजचा बोजा ८ लाख ४२ हजार ५०० रुपये आणि प्रत्येक रात्रीचा खर्च सुमारे ४,८०० रुपये. पंचवीसपैकी पाच वर्षे आजारपण, परीक्षा वा बदलीमुळे सुट्टी वाया गेली आणि त्या रात्री पुढे नेता आल्या नाहीत, तर रात्री १४० उरतात आणि खर्च सुमारे ६,००० रुपयांवर जातो. तशा दर्जाची खोली त्या हंगामात यापेक्षा महाग मिळत असेल, तर सदस्यत्व किफायतशीर ठरते, अन्यथा नाही. दरवर्षी नेमाने प्रवास करणाऱ्या कुटुंबाला त्याचा लाभ होऊ शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

कंपनीच्या बाजूची बांधिलकी

देणे एकतर्फी नसते. कंपनीने आज पैसे घेतले असले तरी सेवा पंचवीस वर्षे द्यावयाची असते. महिंद्र हॉलिडेजच्या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या चेन्नई येथील विशेष पीठाने २०१० मध्ये निर्णय दिला, की पुढील काळात सेवा देण्याचे दायित्व असल्याने सदस्यत्वाची संपूर्ण रक्कम पहिल्याच वर्षाचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरत नाही. पूर्वी ही कंपनी शुल्काचा ६० टक्के भाग प्रवेश शुल्क म्हणून त्याच वर्षी आणि उरलेला ४० टक्के भाग मुदतीवर विभागून उत्पन्नात दाखवीत असे. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या भारतीय लेखा मानक ११५ नंतर सदस्यत्व शुल्क संपूर्ण मुदतीवर विभागले जाऊ लागले. या तांत्रिक बाबीचा सामान्य सदस्याशी थेट संबंध आहे, कारण पंचवीस वर्षे त्याची खरी सुरक्षितता कंपनीच्या टिकण्यावर अवलंबून असते. स्टर्लिंग ही अग्रणी कंपनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्थिक अडचणीत सापडली होती. पुढे व्यवस्थापन बदलले आणि २०१४ मध्ये थॉमस कुक (इंडिया) बरोबरचा व्यवहार जाहीर झाला.

गुंतवणुकीचा मुखवटा

महाराष्ट्राला या विषयाची दुसरी बाजू अधिक ठाऊक आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेडने हॉटेलातील रात्रींच्या नावाखाली रकमा गोळा केल्या. रात्री न वापरल्यास मुदतीअंती वाढीव रक्कम परत मिळेल, असे आकर्षण त्यात होते. ‘सेबी’ने २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने ही सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. गुंतवणूकदारांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्याच कंपनीविरुद्ध असा आदेश २०१५ मध्ये झाला होता. सेबी अधिनियमाच्या कलम ११ कक प्रमाणे निधी एकत्र करणे, लाभाच्या हेतूने अंशदान, इतरांकडून व्यवस्थापन आणि दैनंदिन कारभारावर गुंतवणूकदाराचे नियंत्रण नसणे या कसोट्या लावल्या जातात. खरा टाइमशेअर हा उपभोगाचा खर्च आहे. त्यातून परतावा मिळेल असे सांगितले जात असेल, तर तो व्यवहार वेगळ्याच कायद्याच्या कक्षेत जातो.

बाहेर पडताना

खरेदीइतकी सुटका सोपी नसते. दुय्यम बाजारपेठ नगण्य असून हस्तांतरणासाठी कंपनीची संमती व शुल्क लागते. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशाने ग्राहकाला किमान १० दिवसांत करारातून माघार घेण्याचा हक्क दिला. २००८ च्या निर्देशाने ही मुदत १४ दिवस केली आणि तेवढ्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली. भारतात अशी मुदत करारात लिहिलेली असेल तरच मिळते. सदस्याच्या मृत्यूनंतर करार अधिनियमाचे कलम ३७ लागू होते. करारातून वेगळा हेतू दिसत नसेल, तर मृताची वचने त्याच्या प्रतिनिधींवर बंधनकारक असतात. मात्र ही जबाबदारी वारशाने आलेल्या संपत्तीपुरती मर्यादित राहते. रक्कम जप्त करण्याच्या अटीला कलम ७४ ची वाजवी भरपाईची कसोटी लावता येते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच आली. ग्राहकावर अवाजवी आकार वा बंधन लादणारी, अथवा भंगाच्या मानाने अवास्तव दंड सांगणारी अट राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग रद्दबातल ठरवू शकतात. जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, हा भेद परीक्षार्थींच्या नजरेतून अनेकदा सुटतो. सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे करता येते. २०२१ च्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण तेथेच दाखल होते.

करारात बहुधा लवादाची अट आणि कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरातील न्यायालयांचा उल्लेख असतो. त्यामुळे सदस्य हतोत्साह होतो. तथापि लवादाच्या अटीमुळे ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, हे एम्मार एम.जी.एफ. प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. शिवाय २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे जाता येते. म्हणजे बंगळूरुच्या रहिवाशाला चेन्नई किंवा मुंबई गाठण्याची गरज नाही. वादकारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करणे मात्र कलम ६९ प्रमाणे आवश्यक असून, विलंबाचे सबळ कारण पटल्यास आयोग तो क्षमापित करू शकतो.