नगरपालिकेत नेमकं कोण काय ठरवतं?

आमच्या गल्लीतला कोपऱ्यावरचा पथदिवा तीन आठवडे बंद होता. शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठायचे. "अरे बाळा, तुला आम्ही निवडून दिलं, साधा एक दिवा लावून देता येत नाही का तुला?" तो बिचारा दरवेळी म्हणायचा, "सांगितलंय आजोबा, उद्या होईल." शेवटी आजोबांच्या नातीने नगरपरिषदेच्या आवक विभागात लेखी अर्ज दिला, त्यात खांबाचा क्रमांक लिहिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. चौथ्या दिवशी दिवा लागला.

नगरसेवकाने खरोखर फोन केले होते, मी स्वतः ऐकले आहेत. पण जे त्याच्या अधिकारातच नाही ते आजोबा त्याच्याकडे मागत होते. गावोगावी हेच चाललेलं दिसतं. राग खरा असतो, गैरसोय खरी असते, पण आपण भलतंच दार ठोठावत बसतो.

"नगरसेवक म्हणजेच नगरपालिका"

आपण सगळे नगरपालिका म्हणतो, कायद्यातलं नाव नगरपरिषद. तिचा कारभार चालतो तो १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने. या कायद्याने कामाची वाटणी केली आहे. काय करायचं, कशावर किती खर्च करायचा, कराचा दर काय ठेवायचा, हे निवडून आलेल्या सदस्यांची सभा ठरवते. ते अमलात आणतात मुख्याधिकारी. ते राज्य शासनाने नेमलेले असतात आणि त्यांची बदलीही शासनच करतं. सभेत ते माहिती देतात, कायदेशीर अडचण सांगतात, पण मतदान करत नाहीत.

एकटा नगरसेवक सभेबाहेर कुठल्याही कर्मचाऱ्याला हुकूम देऊ शकत नाही. तो प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, पाठपुरावा करू शकतो. आमदारांना जसा मतदारसंघासाठी ठरलेला स्थानिक विकास निधी मिळतो, तसा नगरपरिषदेच्या सदस्याला शासनाकडून मिळत नाही. "स्वतःच्या निधीतून रस्ता केला" असा फलक लागतो तेव्हा तो पैसा नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातला किंवा कुठल्यातरी योजनेतला असतो, म्हणजे तुमचा-आमचा.

नगराध्यक्षांबाबतचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण नियमच पुन्हापुन्हा बदलले. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते सदस्यांमधून निवडण्याची पद्धत आली, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. म्हणून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत नगरपरिषदेच्या बहुतेक मतदारांना तीन मतं द्यायची होती, दोन प्रभागातल्या सदस्यांसाठी आणि एक नगराध्यक्षांसाठी. त्याआधी जवळपास चार वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. तेव्हा निर्णयच झाले नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. निर्णय होत होते, ठरावही होत होते, कारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. नव्हती ती चर्चा. गावाच्या पैशाबद्दल चार वर्षं समोरासमोर कुणी प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट मला आजही सलते.

"सभा त्यांची, आपल्याला तिथे कोण बसू देणार?"

सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. बंद दाराआड सभा घेणं हा अपवाद. प्रेक्षक म्हणून तुम्हाला बोलता येत नाही, पण बसता येतं, ऐकता येतं, वहीत टिपून घेता येतं. दर दोन महिन्यांनी किमान एक सभा व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तिची नोटीस आधी निघते, नोटिशीसोबत विषयपत्रिका असते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. आमच्याकडे तो फलक जिन्याखाली आहे. त्याच्यासमोर सायकली लावलेल्या असतात, त्यामुळे वाकून वाचावं लागतं.

एकदा ती वाचून बघा. पहिला विषय बहुधा मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. पुढे जंतुनाशक पावडर खरेदीचे दर मंजूर करणे, आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका, पाण्याच्या मोटारींची वार्षिक दुरुस्ती, स्मशानभूमीत लाकूड पुरवणे, अमुक प्रभागात अमुक घरापासून तमुक घरापर्यंत बंदिस्त गटार. रटाळ वाटतं, मान्य. पण गावाचं रोजचं जगणं याच ओळींत ठरतं. शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" अशी एक ओळ असते. तिच्याकडे बारीक लक्ष ठेवावं. ज्या विषयावर कुणी तयारी करून आलेलं नाही, तो हात वर करून पटकन मंजूर होऊ शकतो.

ठराव मंजूर झाला की काम सुरू, असाही समज आहे. ठराव ही सुरुवात आहे. त्यानंतर अभियंता अंदाजपत्रक करतो, सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते, मग निविदा, मग कार्यादेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद होते आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचं देयक निघतं. तुमच्या दारातल्या गटाराची लांबी-रुंदी त्या पुस्तकात लिहिलेली असते. ती माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. प्रत हातात आली की टेप घेऊन स्वतः मोजून पाहता येतं. आणि एखादा ठरावच बेकायदा वाटला, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कागद जोडून त्यांच्याकडे अर्ज करता येतो.

"घरपट्टी मनाला येईल तशी वाढवतात"

कर आकारणीची यादी साधारण चार वर्षांनी नव्याने होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. नोटिशीतला आकडा बघून माणूस नगरसेवकाच्या नावाने बोटं मोडतो. पण त्या आकड्याला दोन बाजू आहेत आणि त्या दोन वेगळ्या हातांत आहेत.

समजा, तुमचं घर भाड्याने दिलं तर महिना हजार रुपये येतील असं धरलं. वर्षाचे बारा हजार. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतात १०,८००. हे झालं करयोग्य मूल्य. भाडेमूल्यावर आकारणी करणाऱ्या नगरपरिषदांत या मूल्यावर ठरलेल्या टक्क्याने कर बसतो. टक्का सभा ठरवते. मूल्य ठरवण्यात मात्र नगररचना विभागाचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी असतो. तुमच्या घराचं मोजमाप चुकलं असेल, पत्र्याच्या खोलीला स्लॅबचा दर लावला असेल, तर सभेपुढे ओरडून उपयोग नाही. यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मुदत असते, त्या मुदतीत लेखी हरकत द्यायची आणि सुनावणीला जातीने जायचं. टक्काच जास्त वाटत असेल, तर मात्र नगरसेवकाला जरूर धरावं, कारण तिथे त्याचं मत मोजलं जातं.

बिलाचा कागद उलगडून पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यात शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागेला रोजगार हमी कर अशा ओळी असतात. हे दोन्ही राज्य शासनाचे. नगरपरिषद ते गोळा करून शासनाकडे भरते. आणि थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. वाद चालू आहे म्हणून बिल बाजूला ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. साधारण चार वर्षांत ती शास्तीच मूळ रकमेच्या बरोबरीला येते.

याच बिलाबद्दलचा सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे "माझ्या नावाने घरपट्टी आहे, म्हणजे घर माझं." आकारणी पुस्तकातलं नाव कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतं. मालकी खरेदीखत, वारसा आणि भूमी अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका अशा कागदांवरून पाहतात. विनापरवाना बांधकामाचा कर भरला म्हणून ते कायदेशीरही होत नाही. भावाभावांतले कितीतरी दावे या एका गैरसमजातून उभे राहतात. तेव्हा वडिलांच्या पश्चात फक्त घरपट्टीवर नाव चढवून थांबू नका, मिळकत पत्रिकेवरही वारस नोंद करून घ्या.

"आमच्या पट्टीवर यांचा कारभार चालतो, आणि निधी पडून राहतो"

पट्टी महत्त्वाची आहेच, पण लहान शहराचा गाडा तिच्या एकटीवर चालत नाही. जकात होती तोवर नगरपालिकांचा हात थोडा मोकळा होता. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातली जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागलं. कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यावर होतात. अनुदान लांबलं की पगार लांबतात, आणि मग सफाई कामगार कार्यालयाच्या दारात बसलेले दिसतात.

"खात्यात पैसे असून रस्ता का करत नाहीत?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बऱ्याचदा "बंधित" या एका शब्दात असतं. पंधराव्या वित्त आयोगाने अशा शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. तो डांबरावर खर्च करता येत नाही. शिवाय गावातून जाणारा मोठा रस्ता पुष्कळदा राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग असतो. त्याच्या खड्ड्यांची तक्रार सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्गाच्या यंत्रणेकडे करावी लागते.

"आम्ही इथले, मग दाखला इथेच मिळेल"

जन्म-मृत्यूच्या खिडकीपुढे हे रोज ऐकू येतं. लेक बाळंतपणाला माहेरी येते, अवघड झालं की जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात हलवतात, आणि वर्षाने आजी दाखल्यासाठी आपल्या नगरपरिषदेत येते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथे त्याची नोंद होते, घर कुठे आहे यावर नाही. घटनेपासून २१ दिवसांत कळवलं तर नोंद विनाशुल्क होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, पुढे परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो.

बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून नोंदच लांबवू नये. नाव न घालताही नोंद होते. एक वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क नाही, आणि त्यानंतर नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून ते घालता येतं. परवा त्या खिडकीपुढे एक आजी उभ्या होत्या. बारशाला नाव ठरेना म्हणून त्यांनी सहा महिने अर्ज दिला नव्हता. कारकून बाईंनी शांतपणे विचारलं, "आजी, बाळ कुठल्या दवाखान्यात झालं?" आजींनी तालुक्याचं नाव सांगितलं, तशी बाईंनी मागे ठेवलेल्या कागदाच्या पाठीवर तिथल्या कार्यालयाचं नाव आणि लागणारे कागद लिहून दिले. आजींनी तो कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि एसटी किती वाजता आहे ते विचारत बाहेर पडल्या.