आधी काय तुटावं?

इंग्लंडमधल्या तळ्यांवर कार्प पकडणारे अनेक हौशी लोक रीळ नसलेली लांब, पोकळ काठी वापरतात. हिसका बसला की दोरा सोडायला रीळच नाही, म्हणून काठीच्या टोकाकडच्या भागात लॅटेक्सचं इलॅस्टिक ओवलेलं असतं. ते कित्येक पट ताणलं जातं, झटका लांबवतं आणि दोऱ्यावरचा, म्हणजे तंगसावरचा, कमाल ताण घटवतं. मग जाड इलॅस्टिक अधिक सुरक्षित, असं वाटेल. पण ते कमी ताणलं जातं आणि हिसका थेट तंगसावर येतो. खरी सुरक्षितता तुटण्याचा क्रम ठरवण्यात आहे. गळाजवळचा तुकडा मुख्य तंगसापेक्षा कमी ताकदीचा हवा. म्हणजे तुटलंच तर माशाच्या तोंडात फक्त गळ आणि वीतभर दोरा राहतो. इलॅस्टिकच तुटलं, तर मासा सगळा लवाजमा ओढत फिरतो आणि पाणवनस्पतींत अडकू शकतो.

मऊ इलॅस्टिकने झुंज लांबते, मासा दमतो, हा आक्षेप रास्त आहे. पण झुंज लवकर संपवायला जाड इलॅस्टिकच लागतं असं नाही; काठीच्या बाजूच्या छिद्रातून इलॅस्टिक हाताने ओढून आखूड करण्याची सोय करता येते. मात्र ऊन आणि ओझोन लॅटेक्सला चिरा पाडतात. काठीच्या टोकाशी इलॅस्टिक जिथून बाहेर येतं, त्या बुशपाशी घासून खरबरीत झालेला भाग दिसला, की इलॅस्टिक बदलायलाच हवं.