क्रीटचे अवशेष बघायला जग जातं, पण किल्लारीला गेलं तर काय दिसतं?

ग्रीस फिरून आलेल्या कुणाचेही फोटो बघा, क्रीट बेट त्यात हमखास सापडतं. निळाशार समुद्र, लांबच लांब किनारे आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यांचे अवशेष. ग्रीसच्या या सर्वांत मोठ्या बेटाचं लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीशी एक नातं आहे. ते आहे भूकंपाचं.

क्रीटच्या खाली आफ्रिकेची भूपट्टी सरकत जाते, त्यामुळे तिथली जमीन कायम हादरत आली आहे. नॉसोसचा पहिला राजवाडा इ.स.पू. १७०० च्या सुमारास पडला. त्यामागे भूकंप असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लोकांनी त्याच जागी नवा राजवाडा उभारला. बेटाच्या पश्चिम टोकाला फालासार्ना नावाचा सुंदर किनारा आहे. त्याच्या शेजारचं प्राचीन बंदर आज कोरड्या जमिनीवर आहे, कारण इ.स. ३६५ च्या भूकंपात हा भाग काही मीटर वर उचलला गेला.

मग किल्लारीत काय झालं?

किल्लारी भूपट्टीच्या कडेवर नाही. दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं आणि हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन १ मध्ये होता. पण भारताची भूपट्टी उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटते आहे. त्याचा ताण पठाराच्या पोटातही साठतो आणि एखाद्या कमकुवत जागी सुटतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो सुटला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. दमूनभागून गावं गाढ झोपली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या या भूकंपाने आठ ते दहा हजार जीव घेतले.

एवढी माणसं का गेली? कारण घरांच्या भिंती. जाड भिंतींना बाहेरून आणि आतून दगडाचे दोन थर, मध्ये माती आणि खडी. दोन्ही थर धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर मातीच्या माळवदाचं ओझं. धक्का बसताच थर सुटले आणि भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

आज किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, जुन्या गावाची जागा आहे आणि नव्या जागी आखून वसवलेलं, रुंद रस्त्यांचं गाव आहे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली अशी ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. औसा तालुक्यातच खरोशाची प्राचीन लेणी आहेत, त्यामुळे एका दिवसात दोन्ही बघून होतं.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. नॉसोसचा भूकंप सोसलेली माणसं केव्हाच काळाआड गेली. किल्लारीत मात्र त्या पहाटे आई, भाऊ, लेकरू गमावलेली माणसं अजून गावात आहेत आणि दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी येतात. तिथे सेल्फीपेक्षा चार शब्द ऐकून घेतलेले बरे.

किल्लारीनंतर देशाचा भूकंप नकाशा बदलला. २००२ मध्ये झोन १ रद्दच झाला आणि हा भाग झोन ३ मध्ये गेला. म्हणजे ‘इथे भूकंप होतच नाही’ असं सरकारी नकाशाही आता कुठल्याच गावाबद्दल म्हणत नाही. घर बांधायला काढलं असेल, तर आपलं गाव कुठल्या झोनमध्ये येतं, हे इंजिनिअरला आधी विचारा.