पेडलचा डबा घरी बनवताय? आधी डोळे जपा

गिटारचा आवाज बदलणारे पेडल विकत घेण्याऐवजी घरीच बनवण्याकडे आता अनेक तरुण वळले आहेत. बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरातून सुटे भाग आणायचे आणि कात्रजच्या फ्लॅटमधील बाल्कनीत किंवा जेवणाच्या टेबलावर जोडणी करायची. छंद उत्तम आहे. पण डबा बनवतानाचे धोके बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत.

पेडलचे सर्किट साधारणपणे ९ व्होल्टवर चालते, त्यामुळे शॉकची भीती फारशी नसते. मात्र २३० व्होल्टची मेन्स लाइन या डब्यात कधीही आणू नये. तयार अॅडॉप्टर वापरावा. डबा धातूचाच का, याला कारण आहे. घरातील वायरिंगचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट सर्किटपर्यंत पोहोचू नये, यासाठी चारही बाजूंनी धातूचे कवच लागते. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवलेल्या पिंजऱ्याचेच हे तत्त्व. हे कवच सर्किटच्या ग्राउंडला जोडलेले असावे लागते. प्लास्टिकच्या डब्याला हे जमत नाही. म्हणून ओतीव अॅल्युमिनियमचा डबा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निवडला जातो, आणि मग त्याला भोके पाडणे आले.

खरा धोका इथेच आहे. पायाने दाबायच्या स्विचसाठी सुमारे १२ मिलिमीटरचे भोक लागते. डबा हातात धरून ड्रिल चालवले की बिट अडकते, डबा गरकन फिरतो आणि हाताला खोल जखम होते. डबा व्हाइसमध्ये घट्ट आवळावा, पंचाने खूण करावी, आधी बारीक बिटने आणि मग मोठ्या बिटने भोक पाडावे. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाह्या नकोत. त्या गुंडाळल्या जातात. भोकाच्या कडा कानशीने घासाव्यात. पत्र्याने कापले तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे.

ड्रिलमधून उडणारा धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, तो पुरेसा नाही. बाजूनेही बंद असलेला सुरक्षा चष्मा घालावा. कण गेलाच तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. कण बुबुळात रुतलेला दिसला तर तो सुई, काडी किंवा रुमालाच्या टोकाने काढू नये. लोखंडी कणाभोवती काही तासांतच गंजाचे वलय तयार होऊ लागते. वेगाने उडालेला कण डोळा भेदून आत गेला, तर सुरुवातीला वेदना अगदी कमी असू शकते. नजर अंधूक झाली, बाहुलीचा आकार बदलला किंवा डोळ्यातून पाणी झिरपत राहिले, तर डोळा दाबू नये, धुऊही नये. त्यावर कागदी कप अलगद ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काय करताना कण उडाला हे डॉक्टरांना सांगावे, कारण लोखंडी कणाची शंका असताना एमआरआय करणे घातक ठरते.

पुढचा टप्पा सोल्डरिंगचा. बाजारातील नेहमीच्या सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. दिसणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. त्याने खोकला, दमा बळावतो. शिसेविरहित सोल्डर वापरले तरी हा धूर टळत नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि पंखा धूर चेहऱ्यापासून दूर ओढेल असा लावावा. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. ते पोटात जाते बोटांवाटे. लहान मुलांच्या आतड्यातून शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणते. रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर हे काम नको. काम करताना चहा-फराळ नको, नंतर साबणाने हात धुवावेत आणि टेबल व फरशी ओल्या फडक्याने पुसावी. झाडू मारल्यास धूळ उडते.

सोल्डरिंग आयर्नचे टोक सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापते. चटका बसल्यास २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नये.

शेवटी कान. पहिली चाचणी आवाज अगदी कमी ठेवून घ्यावी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असे धरले, तर ३ डेसिबल वाढताच ती मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. वाजवून झाल्यावर कानात गुंजारव होत असेल, तर आवाज जास्त होता असे समजावे. तो दुसऱ्या दिवशीही राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.