एक बीप, मग एस

कॉम्प्युटर फॉरमॅट मारायची वेळ आली की एरवी सगळी कामं स्वतः करणाऱ्या अंध माणसालाही शेजारी डोळस कुणीतरी बसवावं लागतं. कारण स्क्रीन रीडर चालतो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराने, आणि ती तर अजून डिस्कवर आलेलीच नसते. तेव्हा बोलायचं इन्स्टॉलरनेच. विंडोजमध्ये विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून नॅरेटर सुरू करता येतो, मॅकवर कमांड-एफ५ने व्हॉइसओव्हर. पण सगळ्यात बारकाईने विचार केलाय तो लिनक्सच्या डेबियनने.

सुरुवात कानाने

पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की डेबियनचा बूट मेनू बीप देतो. जुन्या बायोसवर एक, यूईएफआयवर दोन. बीप ऐकली की एस दाबायचा, मग एंटर. मे २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ पासून एवढ्यावर इन्स्टॉलर बोलू लागतो.

आवाज कुठून येणार, हाही प्रश्न असतोच. मशीनला दोन-तीन साउंड कार्डं असली, तर इन्स्टॉलर एकेका कार्डातून बोलून पाहतो. ऐकू आलं की एंटर दाबायचा. किती साधी युक्ती!

बोटांसाठी

ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना आवाजाचा काय उपयोग? त्यांच्यासाठी बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम इन्स्टॉलरमध्येच आहे. यूएसबीचा ब्रेल डिस्प्ले जोडलेला असला तर बहुतेक वेळा तो आपोआप ओळखला जातो.

डिस्क पुसायचा प्रश्न

आवाज सुरू केला की इन्स्टॉलर चौकटी आणि रंग बाजूला ठेवून साध्या मजकुरात प्रश्न विचारतो. पर्यायांना क्रमांक असतात. हवा तो आकडा टाइप करून एंटर. मदतीला प्रश्नचिन्ह, मागे जायला 'पेक्षा लहान'ची खूण.

याचं मोल कळतं ते पार्टिशन करताना. बदल डिस्कवर लिहायचे का? १ हो, २ नाही. नुसता एंटर दाबला तर 'नाही' धरलं जातं. चुकीच्या डिस्कवर हो म्हटलं तर वर्षांचे फोटो, कागदपत्रं जातात. अशा वेळी 'निळं बटण दाबा' ही सूचना काय कामाची? डिस्कचं नाव आणि आकार ऐकून, हवं तर मागे जाऊन पुन्हा ऐकून, माणूस स्वतः निर्णय घेतो.

नवी सिस्टिमही बोलते

इन्स्टॉलेशन बोलून झालं असेल, तर तीच सोय नव्या सिस्टिममध्ये चालू करून दिली जाते. नाहीतर सगळं पार पडून लॉगिनच्या पडद्यावर शांतता, आणि पुन्हा कुणालातरी हाक.

अजून मुकं राहिलेलं

बीपच्या आधीचा टप्पा मात्र इन्स्टॉलरच्या हातात नाही. पेन ड्राइव्हवरून बूट करायला जो बायोसचा मेनू लागतो, तो बहुतेक मशीनवर बोलत नाही, आणि त्याची कळही कंपनीगणिक वेगळी. म्हणून कुणीतरी डोळस माणूस भेटला की एकदाच बूटच्या क्रमात यूएसबी पहिलं लावून घ्यावं. पुढच्या वेळी पेन ड्राइव्ह लावायचा आणि बीपची वाट पाहायची.