निर्दोष सुटला, तरी तुरुंगातच

अठराव्या शतकातील इंग्लंडचे तुरुंग सरकार चालवत असे आणि जेलरला पगार मिळे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक जेलर बिनपगारी होते. त्यांची कमाई म्हणजे कैद्यांकडून घेतलेली ‘फी’ (आत येताना, बाहेर पडताना व सोयींसाठी द्यायचे शुल्क). ठेक्याने दिलेल्या वाहनतळासारखाच हा व्यवहार: पैसे भरल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. इथे गाडीच्या जागी माणूस होता, एवढेच. बेड्या हलक्या करून घ्यायलाही पैसे पडत. दारूविक्रीचा नफा वेगळाच.

जॉन हॉवर्ड 1773 मध्ये बेडफर्डशरचा हाय शेरीफ (परगण्यातील राजाचा प्रतिनिधी) झाला, तेव्हा न्यायालयाने निर्दोष ठरवलेली माणसे फी थकली म्हणून पुन्हा कोठडीत नेलेली त्याला आढळली. जेलरला पगार द्या, असे त्याने सुचवले. न्यायाधीशांनी विचारले, असे आधी कुठे झाले आहे का? दाखला शोधायला हॉवर्ड शेजारचे परगणे हिंडला. दाखला मिळाला नाही. तसलेच तुरुंग मात्र जागोजागी दिसले. 1774 च्या कायद्याने निर्दोष सुटलेल्यांची फी रद्द झाली आणि तो भार परगण्याच्या तिजोरीवर गेला. शिक्षा झालेल्यांकडून वसुली त्यानंतरही चालूच राहिली.