संगणकी खेळांतील उमेदवारी

पूर्वीं वकिलाच्या कचेरींत किंवा छापखान्यांत शिरूं पाहणारा मुलगा वर्ष दोन वर्षें बिनपगारी उमेदवारी करी. पाहतां पाहतां तो काम शिके, आणि मालकाच्या नजरेंत भरला म्हणजे त्याला जागा मिळे. संगणकी खेळांच्या धंद्यांत अशी उमेदवारी आहे काय, आणि बीडसारख्या ठिकाणीं राहून ती करतां येईल काय? उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला कांहीं अटी आहेत.

बीडच्या बसस्थानकांतील एस. टी. ची तांबडी गाडी मराठवाड्यांत कोणाला परकी नाहीं. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी आगगाडी सुटली; तोंपर्यंत या शहराची सारी ये-जा रस्त्यानेंच होत असे. हीच तांबडी गाडी आतां मोबाईलच्या पडद्यावरहि धांवते. इंडोनेशियांतील मालेओ या संस्थेनें २०१७ सालीं 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील रस्ते इंडोनेशियाचे आणि गाड्याहि तेथल्याच. परंतु खेळणाऱ्यानें स्वतः बनविलेली गाडी आंत घालण्याची सोय निर्मात्यांनीं ठेविली आहे. तिचा लाभ घेऊन हौशी तरुणांनीं एस. टी. च्या गाड्या त्यांत आणून सोडल्या. जावा बेटाच्या रस्त्यावरून मराठी पाटीची गाडी धांवूं लागली! मूळ खेळांत केलेल्या अशा फेरबदलास 'मॉड' म्हणतात.

वडील मंडळींच्या दृष्टीनें हा वेळेचा अपव्यय होय, आणि नुसतें खेळणेंच चाललें असेल तर त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु खेळणें निराळें आणि खेळ घडविणें निराळें. एक गाडी घडवावयाची तर 'ब्लेंडर'सारख्या विनामूल्य साधनांत तिचा सांगाडा उभारावा लागतो. हा सांगाडा असंख्य लहान त्रिकोणांचा असतो. त्रिकोण वाढविले कीं गोलाई सुबक होते, पण साधा मोबाईल त्या भारानें अडखळतो. कमी केले तर चाक अष्टकोनी दिसूं लागतें. मग त्या सांगाड्यावर रंग, पाट्या आणि धूळ यांचें चित्र चढवावयाचें. चाकें धडापासून अलग ठेवावयाचीं, नाहींतर तीं फिरणारच नाहींत. धारूरच्या घाटांत वळण घेतांना गाडी कशी कलते, हें ज्यानें खिडकींत बसून पाहिलें आहे, त्याला भार कोठें धरावा याचा अंदाज अधिक चांगला येतो. या साऱ्यांत भूमिति आहे, चित्रकला आहे आणि काटकसरहि आहे.

निर्माते आपल्या खेळांत परक्याला हात कां घालूं देतात? डिसेंबर १९९३ मध्यें अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या संस्थेनें 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे नकाशे, चित्रें आणि आवाज मूळ यंत्रणेपासून वेगळ्या फाईलींत ठेविले होते, आणि ते कोणासहि बदलतां यावेत हा त्यांत हेतु होता. लोकांनीं हजारों नवे नकाशे रचले. संस्थेचेंहि यांत नुकसान नव्हतें. कारण नवा नकाशा खेळावयाचा तर मूळ खेळ जवळ असावा लागे, आणि खेळाचें आयुष्य आपोआप वाढे.

याच दारानें कांहीं माणसें धंद्यांत शिरलीं. कॅनडांतील मिन्ह ले हा विद्यापीठांत शिकत असतां त्यानें जेस क्लिफ या साथीदारासह १९९९ सालीं 'हाफ-लाईफ' या खेळावर 'काउंटर-स्ट्राईक' हा मॉड रचला. मूळ खेळाची मालक व्हॉल्व्ह ही संस्था. तिनें २००० सालीं त्याचे हक्क घेतले आणि दोघांनाहि कामावर ठेविलें. आयर्लंडचा ब्रेंडन ग्रीन छायाचित्रणाचा व्यवसाय करी. २०१३ सालीं त्यानें 'आर्मा २' या युद्धखेळावर, शेवटीं एकच गडी उरावा, असा मॉड तयार केला. पुढें दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल संस्थेनें त्याला बोलावून घेतलें, आणि २०१७ सालीं 'पबजी' जन्मास आला. या खेळाचें नांव महाराष्ट्रांतील खेडोपाडींहि पोंचलें; त्याच्या मुळाशीं एका हौशी माणसाचा मॉड आहे, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

अशीं उदाहरणें मोहक असतात, म्हणूनच तीं जपून घ्यावयास हवींत. मॉड करणारे असंख्य, आणि असें भाग्य लाभणारे अगदीं मोजके. तरीहि संस्था अशा कामाकडे पाहतात, त्याचें कारण साधें आहे. पदवीवरून शिकलेलें कळतें. मॉडवरून पुरें केलेलें कळतें. काम शेवटास गेलें काय, तें परक्यांनीं वापरलें काय, त्यांनीं दाखविलेले दोष कर्त्यानें दुरुस्त केले काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यांत उघड दिसतात.

यांत एक मोठी अडचण मालकीची आहे. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं गीतेवर 'गीतार्णव' हा विशाल ग्रंथ रचला. गीता सर्वांची, तिच्यावर टीका लिहिण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. खेळाला मात्र मालक असतो. मॉडवर पैसा मिळवावा कीं नाहीं, तो कोठें वांटावा, हें मालकाच्या अटींवर अवलंबून असतें. दुसऱ्या कर्त्याची गाडी उचलून आपल्या नांवानें खपविणें ही तर उघड चोरी होय.

या अडचणींतून बाहेर पडण्याचा मार्ग ऑस्ट्रेलियाच्या निक पिअर्स यांनीं दाखविला. ते व्यवसायानें वकील. २०१५ सालीं त्यांनीं 'स्कायरिम' या खेळावर 'द फरगॉटन सिटी' नांवाचा मॉड रचला, आणि त्याच्या लेखनास पुढील वर्षीं ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचें पारितोषिक मिळालें. त्यानंतर त्यांनीं वकिली सोडली, कथा मूळ खेळाच्या जगांतून उचलून प्राचीन रोमन नगरींत नेली, आणि २०२१ सालीं ती स्वतंत्र खेळ म्हणून प्रसिद्ध केली. जें परक्याचें होतें तें त्यांनीं मागें ठेविलें. जें स्वतःचें होतें तेवढेंच बरोबर घेतलें.

बीडच्या विद्यार्थ्याला हाच क्रम उपयोगी पडेल. पुणें कांहीं फार दूर नाहीं. यूबिसॉफ्ट या फ्रेंच संस्थेनें तेथें २००८ सालीं आपलें काम सुरू केलें; पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० सालीं 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढें आणला. तेथवर जाण्याआधीं प्रथम एक लहानसा मॉड पुरा करावा, त्यांतील स्वतःचा भाग कोणता याची नोंद ठेवावी, आणि मग 'गोडो'सारख्या विनामूल्य साधनांत पांच मिनिटांचा कां होईना, पण सर्वस्वीं आपला असा खेळ रचावा. शिक्षण मात्र सोडूं नये. उमेदवारी बिनपगारी असते, आणि तिची मुदत कोणी ठरवून दिलेली नसते.

मुलगा किंवा मुलगी रात्रीं पडद्यासमोर बसलेली दिसली, तर किती तास गेले एवढेंच विचारून भागणार नाहीं. आज काय पुरें झालें, असें विचारावें. त्यावर एखादी गाडी, एखादें वळण किंवा दुरुस्त केलेला एखादा दोष दाखवितां आला, तर ती उमेदवारी समजावी. दाखविण्यासारखें कांहींच नसेल, तर तो नुसता खेळ. आणि खेळाला घरांत जेवढा वेळ द्यावयाचा तेवढाच द्यावा.